व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं? काटा खोटं बोलत नाही, पण सगळं खरंही सांगत नाही

जानेवारीत मी जिम लावली. भाईंदर पूर्वेला, घरापासून चालत दहा मिनिटांवर. तीन महिन्यांची फी एकदम भरली म्हणजे मध्येच सोडता येणार नाही, असा हिशोब. सोबत जेसल पार्कच्या खाडीकिनारी सकाळचं चालणंही सुरू केलं. साखर कमी केली, रात्रीचा भात अर्ध्यावर आणला. पहिले चार दिवस जिने उतरताना कठडा धरावा लागत होता, तरी सुट्टी घेतली नाही.

पंधरा दिवसांनी काट्यावर उभी राहिले. सुरुवातीला ६४ किलो होतं. आता ६५.८.

काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला. पुन्हा ६५.८. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वजन वाढवायचंच होतं तर पैसे कशाला भरलेस? तूप घरात होतंच की."

जिममधला ट्रेनर म्हणाला, "मसल वाढलाय, टेन्शन नाही." मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने सांगितलं थायरॉइड तपास, दुसरीने सांगितलं जिम सोड आणि योगा कर, तिसरीने फॅट बर्नरच्या गोळ्यांची लिंक टाकली. आणि मी? खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी अलार्म बंद करून झोपले.

हा अनुभव फक्त माझा नाही. नवा व्यायाम सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांचा काटा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर सरकतो, आणि बरेच जण नेमके तिथेच व्यायाम सोडतात. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. वजन का वाढतं, ते कधीपर्यंत ठीक आहे, आणि कधी काळजी करायची?

आधी हिशोब करू : दीड-दोन किलो चरबी वाढायला काय लागतं?

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे माझं वाढलेलं १.८ किलो वजन जर सगळंच्या सगळं चरबी असेल, तर मी पंधरा दिवसांत गरजेपेक्षा जवळपास १३,९०० कॅलरी जास्त खाल्ल्या असणार. रोजच्या साधारण ९२५.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका वडापावात अंदाजे २५० ते ३०० कॅलरी असतात. म्हणजे रोजचं जेवण, नाश्ता, चहा हे सगळं करून वर रोज तीन-साडेतीन वडापाव. सलग पंधरा दिवस, एकही खाडा नाही.

मी एवढे वडापाव खाल्ले नव्हते. तुम्हीही बहुधा खाल्ले नसतील. म्हणजे वाढलं ते चरबी नाही, किंवा निदान सगळं चरबी नाही.

ट्रेनरचं "मसल वाढलाय" हेही पंधरा दिवसांत खरं नसतं. स्नायू सावकाश बांधला जातो. नव्याने वजनं उचलायला लागलेल्या माणसाचा आहार, झोप, व्यायाम सगळं चोख असेल तरी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढला तर ती चांगली गती मानली जाते. बायकांमध्ये त्याहून कमी. पंधरा दिवसांत जवळपास दोन किलो स्नायू कुणालाच मिळत नाही. मिळत असता तर मुंबईतली प्रत्येक जिम फेब्रुवारीत पैलवानांनी भरली असती.

मग वाढलं काय? एका शब्दात उत्तर : पाणी.

पाणी नेमकं कुठे साठतं?

पहिली जागा, स्नायूंमधलं गोदाम. आपण भात, पोळी, पोहे खातो, त्यातली साखर रक्तात येते. लगेच न लागणारी साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं. थोडी यकृतात आणि बरीचशी स्नायूंमध्ये. एका माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं. व्यायाम सुरू झाला की स्नायूंना कळतं, आता रोज काम आहे, साठा जास्त हवा. मग ते गोदाम मोठं करतात.

गंमत अशी की ग्लायकोजेन कोरडं साठत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणजे साठा नुसता १५० ग्रॅमने वाढला तरी काट्यावर ६०० ग्रॅम दिसतात. (याच कारणामुळे भात-पोळी एकदम बंद करणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन 'उतरतं'. तेही बरंचसं पाणीच असतं. पुन्हा जेवायला लागलं की परत येतं.)

दुसरी जागा, दुखणारे स्नायू. सवय नसताना स्क्वॉट मारले, वजनं उचलली, की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. हे वाईट नाही, त्यातूनच स्नायू मजबूत होतात. पण दुरुस्तीसाठी तिथे थोडी सूज येते आणि सूज म्हणजे पाणी. दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. म्हणजे सोमवारी पायांचा व्यायाम केला आणि बुधवारी वजन केलं, तर काटा वर दिसण्याची शक्यता जास्त.

तिसरी जागा, रक्त. नियमित चालणं, पळणं, सायकल असा दमवणारा व्यायाम सुरू केला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. ही वाढ दहा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं आणि घामावाटे शरीर थंड ठेवणं सोपं जातं. काट्यावर मात्र पाव-अर्धा किलो जास्त दिसतो.

चौथी गोष्ट, मीठ. जास्त मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे चमचाभर, तेही सपाट. आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, चटणी मिळून हा आकडा ओलांडायला फार वेळ लागत नाही. शनिवारी रात्री चायनीजच्या गाडीवर खाल्लं आणि रविवारी सकाळी वजन केलं, तर जे दिसेल ते मीठ आणि पाणी.

पाचवी गोष्ट, फक्त बायकांसाठी. पाळीच्या आधीच्या काही दिवसांत अनेकींचं वजन एक-दोन किलोने वर जातं आणि पाळी सुरू झाल्यावर आपोआप खाली येतं. माझं पंधरा दिवसांनंतरचं वजन नेमकं कुठल्या तारखेला केलेलं होतं, हे मी नंतर कॅलेंडर उघडून पाहिलं. पाळीच्या तीन दिवस आधी.

याशिवाय जिम लावल्यावर कुणाच्या सांगण्यावरून क्रिएटिन सुरू केलं असेल, तर तेही स्नायूंमध्ये पाणी ओढतं. पहिल्या आठवड्यात किलोभर वजन वाढणं त्यात नेहमीचंच आहे.

हे सगळं एकत्र आलं की दीड-दोन किलो सहज भरतात. बहुतेकांमध्ये चार ते सहा आठवड्यांत शरीर नव्या कामाला सरावतं, सूज ओसरते आणि काटा स्थिरावतो. जेसल पार्कला खाडीवर चालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भरतीच्या वेळी एकदाच खाडी बघून कुणी म्हणत नाही की समुद्र वाढला. वजनाचं मात्र आपण तसंच करतो.

पण दोन महिने झाले तरी वजन वाढतंच असेल तर?

मग पाण्यावर खापर फोडून चालणार नाही. आता ताटाकडे बघावं लागेल.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. व्यायाम न करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८१ निरोगी महिलांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास ट्रेडमिलवर चालवलं. त्यांना आहार बदलायला सांगितलेला नव्हता. शेवटी मोजमाप केलं तेव्हा ८१ पैकी ५५ जणींची चरबी कमी व्हायच्या ऐवजी थोडीफार वाढलेली निघाली. फिटनेस मात्र सुधारला होता. आणखी एक गोष्ट दिसली. चौथ्या आठवड्यात ज्यांचं वजन उतरायला लागलं होतं, त्यांचं पुढेही उतरण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे पंधरा दिवसांचा काटा विश्वासाचा नाही, पण महिनाभरानंतरचा कल काहीतरी सांगतो.

असं का होत असेल? तीन कारणं सांगता येतात.

एक, भूक वाढते आणि आपण हिशोब चुकतो. ६४ किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालल्यावर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. साखर घातलेला कपभर चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली की त्या परत आल्या. व्यायामानंतर 'हेल्दी' म्हणून साखर घातलेला केळ्याचा मिल्कशेक घेतला, तर खर्चाच्या दुप्पट जमा. रविवारी चालायला जाऊन येताना फाफडा-जलेबी बांधून आणणाऱ्यांनी हिशोब करू नये, उगाच त्रास होईल.

यात मनाचाही भाग आहे. "आज जिम केलीय, एवढं तर चालतंच." हे वाक्य मी स्वतः पहिल्या पंधरा दिवसांत किती वेळा बोलले, हे आईने मोजून ठेवलं होतं.

दोन, बाकीच्या दिवसात आपण कमी हलतो. सकाळी जिम झाली की संध्याकाळी गोडदेव नाक्यापर्यंत चालत जायच्या ऐवजी शेअर रिक्षा. जिन्याऐवजी लिफ्ट. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन तास आडवं. जिममध्ये मिळवलेलं इथे गळून जातं. आपल्याला ते कळतही नाही, कारण घर झाडणं, बाजारात जाणं, फलाटावर उभं राहणं, जिने चढणं याला आपण व्यायाम म्हणत नाही. पण दिवसभराच्या खर्चात या बारीकसारीक हालचालींचा वाटा जिमच्या एका तासापेक्षा जास्त असू शकतो.

तीन, शरीर स्वतःच काटकसर करतं. हर्मन पाँट्झर या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या टांझानियामध्ये हाडझा नावाच्या जमातीचा अभ्यास केला. हे लोक आजही शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात. दिवसभर चालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की शरीराचा आकार हिशोबात घेतला, तर हाडझा लोकांचा दिवसाचा एकूण कॅलरी खर्च अमेरिका-युरोपातल्या खुर्चीत बसणाऱ्या लोकांएवढाच आहे. पाँट्झरचं म्हणणं, हालचाल वाढली की शरीर दुसरीकडचा खर्च कापतं. घरात एका खोलीत एसी लावला की दुसऱ्या खोलीतले दिवे बंद करणाऱ्या वडिलांसारखं. यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत. पण "जितका व्यायाम, तितकं वजन कमी" हे गणित सरळ नाही, एवढं बहुतेकांना मान्य आहे.

आणि हो, "आता तिशी आली, मेटाबॉलिझम मंदावला" हे कारणही जरा बाजूला ठेवावं लागेल. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की २० ते ६० वयात, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, कॅलरी जाळण्याचा वेग जवळपास तसाच राहतो. तिशीत मंदावतं ते बहुधा आपलं चालणं, आणि वाढते ती ऑनलाइन ऑर्डर.

म्हणजे वजन मुख्यतः ताटात ठरतं. महाराष्ट्रात यावर किती भांडणं झाली, ते आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात, घरचं, स्थानिक, हंगामी खा, तूप-भाताला घाबरू नका. एके काळी प्रत्येक हळदीकुंकवात यावरून दोन गट पडायचे. पण नीट बघितलं तर दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. येता-जाता तोंडात टाकलेलं पाकीटबंद खाणं दोन्हीत बसत नाही. ज्याला जे वर्षभर जमेल ते त्याने करावं. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. साखर एकदम खाली जाऊ शकते.

मग व्यायाम करायचाच कशाला?

इथे मला माझ्या बाबांची गोष्ट सांगावी लागेल.

बाबा बारीक. आयुष्यभर ५८ किलो. फलाटावर पूर्वी ती रंगीत दिव्यांची वजनाची मशीन असायची, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. बाबांकडे अशी बरीच तिकिटं होती आणि सगळ्यांवर जवळपास एकच आकडा. नातेवाईक म्हणायचे, "तुला काय काळजी, तू तर सडपातळ." त्यांनी कधी व्यायाम केला नाही. कुणी सांगितलाही नाही. ४७ व्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत मधुमेह निघाला. मी जिम लावली त्यामागचं खरं कारण हे आहे. फोटोत बारीक दिसणं हे नंतरचं.

बारीक माणसाला मधुमेह कसा? याचं उत्तर शोधण्यात एका मराठी मुलखातल्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक.

जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचाच फोटो छापला. दोघांच्या आडनावाचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर वाय, म्हणून नाव दिलं 'वाय-वाय पॅराडॉक्स'. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. काट्याच्या हिशोबाने दोघे सारखेच फिट. मग दोघांचं डेक्सा स्कॅन केलं. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

त्यांनी त्यात मिश्कीलपणे लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन गाठणं. पण फरक फक्त व्यायामाचा नाही, याज्ञिक जन्मले तेव्हाच कमी वजनाचे होते, हेही त्यांनी नोंदवलं.

हा धागा ते आधीपासून धरून होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. भारतीय बाळं हडकुळी. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती मात्र फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. याज्ञिकांनी याला 'थिन-फॅट' म्हटलं. बाहेरून बारीक, आतून चरबी.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजपट्टी वेगळी आहे. जगात बीएमआय २५ च्या पुढे गेला की जास्त वजन मानतात, आपल्यासाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा २३ आहे. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि महिलांमध्ये ८० सेंटीमीटरच्या आत हवा. आणि हा प्रश्न छोटा नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आता ते ग्लायकोजेनचं गोदाम आठवा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवायची शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. व्यायाम केला की स्नायू रक्तातली साखर जास्त सहज ओढून घेतात. एका दिवसाच्या व्यायामाचा हा परिणाम २४ ते ४८ तास टिकू शकतो. म्हणजे पंधराव्या दिवशी काट्यावर जे पाणी दिसलं, त्यातला काही भाग हा गोदाम मोठं झाल्याचा पुरावा होता. ज्या मधुमेहाला घाबरून मी व्यायाम सुरू केला, त्याच्याविरुद्धची तयारी सुरू झाली होती. आणि मी ती बघून व्यायाम सोडायला निघाले होते.

मग मोजायचं काय आणि कसं?

कंबर मोजा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, बेंबीच्या पातळीवर, श्वास नेहमीसारखा सोडून, पोट आत न ओढता. टेलरची टेप चालते. काटा स्थिर आणि कंबर कमी होत असेल, तर चरबी जातेय आणि स्नायू येतोय.

वजन करायचं असेल तर सकाळी, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. आठवड्यातून दोन-तीनदा करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. बायकांनी गेल्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी, गेल्या आठवड्याशी नाही.

जिममधल्या चरबीचे टक्के सांगणाऱ्या मशीनवरही फार विसंबू नका. ती शरीरातून बारीक विजेचा प्रवाह सोडून अंदाज बांधते आणि तो अंदाज शरीरातल्या पाण्यावर ठरतो. घाम गाळून आल्यावर एक आकडा, पाणी पिऊन आल्यावर दुसरा.

ताकद मोजा. पहिल्या दिवशी किती जोर निघाले, आज किती? भाईंदर स्टेशनचा पूल चढून गेल्यावर श्वास लागायचा, अजून लागतो का? झोप कशी आहे?

व्यायामात फक्त चालणं नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवाच, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. आपल्याकडे जन्मापासून स्नायू कमी, म्हणून हे दोन दिवस आपल्यासाठी जास्त मोलाचे. जिमच पाहिजे असं नाही. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या, यावरही सुरुवात होते.

प्रथिनं ताटातून घ्या. डाळ, उसळ, अंडी, दही, पनीर, मासे, चिकन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे. ग्रुपवर लिंक आलेल्या फॅट बर्नरच्या गोळ्यांबद्दल तर विचारूच नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

सगळं पाण्यावर ढकलायचं नाही. दोन-तीन दिवसांत दोन-तीन किलो वाढलं आणि सोबत पाय सुजले, चेहरा सुजला, चालताना किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर थांबू नका. हृदय किंवा किडनीचा त्रास असू शकतो.

खूप व्यायामानंतर असह्य अंगदुखी आणि कोकाकोलाच्या रंगाची लघवी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायूंची जास्तच मोडतोड झाली की किडनीवर ताण येतो.

आहार सांभाळूनही दोन-तीन महिने वजन वाढतच असेल, सतत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं असेल तर थायरॉइड तपासा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसबद्दल विचारा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाची काही औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं.

पुढे काय झालं?

अलार्म बंद करून झोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सातव्या आठवड्यात वजन ६४.३. म्हणजे दोन महिने घाम गाळून, सुरुवातीपेक्षा ३०० ग्रॅम जास्तच. पण कंबर चार सेंटीमीटरने कमी. जीन्स आता झोपून घालावी लागत नाही. जिने उतरताना कठडा धरत नाही.

आई अजूनही विचारते, "किती उतरलं?" मी सांगते, चार सेंटीमीटर. ती म्हणते, मी किलो विचारले.

बाबा मात्र आता रोज रात्री जेवण झालं की पंधरा मिनिटं माझ्याबरोबर नवघर रोडला चक्कर मारतात. त्यांचं वजन अजूनही ५८ आहे आणि ते बदलावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही. आम्ही आता दुसरा आकडा बघतो, तीन महिन्यांची सरासरी साखर. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.

तुम्हीही नुकतंच सुरू केलं असेल आणि काटा वर गेला असेल, तर निदान सहा आठवडे थांबा. तोवर टेप वापरा.